जुन्या गाडीचा सेल्फ जड फिरतो, बॅटरी उतरते: दोष कसा शोधावा?

मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली प्रीमियर पद्मिनी २०२३ पर्यंत शहरात टॅक्सी म्हणून धावत होती. आज उरलेल्या बहुतेक पद्मिनी हौशी मालकांकडे आहेत आणि धावण्यापेक्षा उभ्याच जास्त असतात. अशा गाड्यांची नेहमीची तक्रार म्हणजे सेल्फ जड फिरणे आणि चार दिवसांत बॅटरी उतरणे. पुष्कळदा लगेच नवी बॅटरी बसवली जाते आणि महिन्याभरात तीच तक्रार परत येते.

याचे कारण असे की या तक्रारीमागे दोन वेगळे दोष असू शकतात. एक तर बॅटरीत वीजच उरलेली नसते, किंवा वीज असते पण ती सेल्फपर्यंत पोहोचत नाही. हा फरक साध्या डिजिटल मल्टिमीटरने कळतो.

सुरुवात करण्यापूर्वी

चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो, म्हणून जवळ विडी-सिगारेट किंवा ठिणगी नको. हातातील अंगठी, कडे काढून ठेवावे. बॅटरी सोडताना अर्थची तार आधी काढावी आणि जोडताना ती शेवटी लावावी. ब्रिटिश बनावटीच्या अनेक जुन्या गाड्यांत बॅटरीचे धन टोक बॉडीला जोडलेले असते, त्यामुळे आपल्या गाडीची जोडणी आधी पाहून घ्यावी. पुढील वर्णन ऋण टोक बॉडीला असलेल्या १२ व्होल्टच्या गाडीसाठी आहे.

१. बॅटरी तपासणे

गाडी रात्रभर उभी राहिल्यानंतर बॅटरीचा दाब मोजावा. १२.५ ते १२.७ व्होल्ट म्हणजे बॅटरी भरलेली आहे, १२.२ म्हणजे साधारण निम्मी; १२ च्या खाली जवळजवळ रिकामी. कमी भरल्यास आधी चार्जरवर लावावी. पूर्ण चार्ज करून तारा काढून ठेवलेली बॅटरीही रात्रीत उतरली, तर दोष बॅटरीतच आहे.

नंतर गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून हँडब्रेक ओढावा आणि इंजिन सुरू होऊ नये म्हणून इग्निशन कॉइलकडे येणारी स्विचची तार काढावी. दुसऱ्याला काही सेकंद सेल्फ मारायला सांगून बॅटरीवरचा दाब पाहावा. भरलेल्या बॅटरीचा दाब ९.६ व्होल्टच्या खाली गेला, तर बॅटरी कमजोर आहे किंवा सेल्फ प्रमाणाबाहेर प्रवाह ओढत आहे.

२. तारा आणि अर्थिंग

सेल्फ १०० ते २०० अँपिअर प्रवाह घेतो. वाटेत ०.०१ ओहमचा अडथळा असला तरी १५० अँपिअरला १.५ व्होल्ट तिथेच संपतात. म्हणूनच हॉर्न नीट वाजतो, दिवे लागतात, पण सेल्फ फिरत नाही.

मीटरचे एक टोक बॅटरीच्या धन खुंटीवर (क्लॅम्पवर नव्हे) आणि दुसरे सेल्फच्या मुख्य बोल्टवर धरून सेल्फ मारावा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आकडा आला, तर तार, क्लॅम्प किंवा सोलेनॉइडचे संपर्क खराब आहेत. मग ऋण खुंटी आणि इंजिनचा स्वच्छ धातू यांच्यात मोजावे. इथे ०.३ व्होल्टपेक्षा जास्त नको.

इंजिन रबरी माउंटिंगवर बसते, म्हणून त्याला बॉडीशी जोडणारी वेणीसारखी अर्थपट्टी लागते. ती गंजली किंवा तुटली, तर प्रवाह चोक किंवा ॲक्सिलरेटरच्या केबलमधून वाट काढतो. सेल्फ मारताना अशी केबल तापत असेल, तर ताबडतोब थांबावे. यातून आग लागू शकते. जोड घासून स्वच्छ करणे आणि नवी पट्टी लावणे हा उपाय बॅटरीच्या तुलनेत खूपच स्वस्त आहे.

बॅटरी आणि तारा ठीक असूनही सेल्फ जड फिरला, तर तो उतरवून त्याचे बुश, कार्बन आणि आर्मेचर तपासून घ्यावे.

३. उभ्या गाडीत वीज कुठे जाते?

किल्ली बंद, दारे बंद. बॅटरीची ऋण तार काढून तार आणि खुंटी यांच्यामध्ये आधी १२ व्होल्टचा टेस्ट लॅम्प जोडावा. तो ठळक पेटला तर गळती मोठी आहे. पेटला नाही तर त्याजागी मीटर १० अँपिअरच्या रेंजवर लावावा. मीटर असा जोडलेला असताना सेल्फ मारू नये.

घड्याळ किंवा म्युझिक सिस्टिम नसलेल्या जुन्या गाडीत आकडा जवळजवळ शून्य हवा. डिकीतला ५ वॅटचा दिवा चालू राहिला तर दिवसाला सुमारे १० अँपिअर-तास जातात, म्हणजे ४० अँपिअर-तासांची बॅटरी चार दिवसांत रिकामी होते.

फ्यूज एकेक करून काढावेत. ज्याने आकडा पडतो, त्या सर्किटमध्ये दोष असतो. एकाही फ्यूजने फरक पडला नाही, तर फ्यूज नसलेल्या तारा पाहाव्यात. डायनॅमोच्या गाडीत कटआउटचे पॉइंट चिकटले की बॅटरीची वीज उलट डायनॅमोत जाते. अल्टरनेटर असेल तर खराब डायोडमुळे असेच होते.

४. चार्जिंग

इंजिनचा वेग थोडा वाढवून बॅटरीवर साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट मिळायला हवेत. डायनॅमो आयडलिंगला फारसे चार्जिंग करत नाही. रात्री दिवे लावून वाहतुकीत छोट्या फेऱ्या मारल्या, तर कोणताही दोष नसतानाही बॅटरी हळूहळू उतरते.

बराच काळ उतरलेल्या बॅटरीच्या पट्ट्यांवर सल्फेटचा कठीण थर बसतो आणि तिची क्षमता कायमची घटते. म्हणून गाडी आठवडाभराहून जास्त उभी राहणार असेल, तर बॅटरीची अर्थ तार काढावी आणि महिन्यातून एकदा चार्जर लावावा.