वळिवडे: पंचगंगेकाठचं पोलिश गाव



कुंभोज-बाहुबलीच्या दर्शनाला जाताना आपण नागपूरकर महाराष्ट्र एक्स्प्रेसनं हातकणंगल्याला उतरतो. गाडी पुढे कोल्हापूरला जाते. त्या वाटेवर वळिवडे लागतं. पंचगंगेच्या खोऱ्यातल्या या गावाजवळ १९४३ ते १९४८ या काळात चक्क एक पोलिश गाव नांदत होतं!

१९३९ मध्ये पोलंडवर पश्चिमेकडून जर्मनी आणि पूर्वेकडून रशिया चालून आला. पुढच्या दोन वर्षांत रशियानं पूर्व पोलंडमधली कितीतरी कुटुंबं घरातून उचलून सैबेरिया, कझाकस्तानला नेली. १९४१ मध्ये हिटलरनं रशियावरच हल्ला केला, तेव्हा या लोकांची सुटका झाली. त्यांतले काही इराणमार्गे भारतात आले. जामनगरच्या जामसाहेब दिग्विजयसिंहजींनी बालाचडीला मुलांना आसरा दिला. वळिवड्याला सुमारे ५,००० जण राहिले, त्यांत बहुतेक बायका आणि मुलंच.

बराकींच्या रांगांत त्यांनी संसार मांडले. तिथे शाळा होत्या, दवाखाना होता, चर्च होतं, नाटकंही होत. परमुलखात, घरचा पुरुष जवळ नसताना, या बायांनी मुलांची भाषा आणि धर्म सांभाळला. ते किती अवघड असेल, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

१९४५ मध्ये युद्ध संपलं, पण त्यांची गावं आता सोव्हिएत रशियात गेली होती. परतायचं कुठे? मग अनेक जण इंग्लंडला गेले, काही इतर देशांत.

त्यांच्या रिकाम्या बराकींत फाळणीनंतर आलेली सिंधी कुटुंबं राहू लागली. आज कापडाच्या घाऊक बाजारासाठी प्रसिद्ध असलेलं गांधीनगर ते हेच. आपल्या नागपुरात जरीपटका वसला, तसंच हेही. एका घर सुटलेल्याची चूल दुसऱ्या घर सुटलेल्याच्या उपयोगी पडली.

आपण आहार, औषध, शास्त्र आणि अभय अशी चार दानं मानतो. वळिवड्यात मला ही चारही दिसतात. पोलिश लोकही ते विसरले नाहीत. वॉर्सात कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे, आणि कोल्हापुरात त्यांचा स्मृतिस्तंभ आहे तो महावीर उद्यानात. २०१९ मध्ये इथे वाढलेली काही मुलं, आता आजी-आजोबा होऊन, पुन्हा येऊनही गेली.

पुढच्या यात्रेत एक दिवस जास्त काढा. अंबाबाईचं कोल्हापूर बघतोच आपण, महावीर उद्यानातल्या त्या स्तंभापाशीही दोन मिनिटं थांबा. सोबत नातवंडं असली तर त्यांना ही गोष्ट नक्की सांगा.