बेडकातील भक्ष्यग्रहणाचे चेतानियंत्रण

बेडूक भक्ष्य पाहतो तेव्हापासून ते गिळेपर्यंत डोळे, जीभ व जबडे यांच्या हालचालींत चेतासंस्था जो मेळ साधते, त्यास भक्ष्यग्रहणाचे चेतानियंत्रण म्हणतात. ही क्रिया प्रामुख्याने दृष्टीचेता, मस्तिष्कस्तंभ आणि जिभेतील संवेदी चेता यांवर अवलंबून असते.

आढळ व आहार
अमरावती जिल्ह्यातील सेमाडोह (तालुका चिखलदरा) हे गाव मेळघाट व्याघ्र प्रकल्पात, सिपना नदीकाठी वसले आहे. या भागात पावसाळ्यात भारतीय बैलबेडूक व सामान्य भेक दिसतात. भेक मुख्यतः मुंग्या, वाळवी असे लहान कीटक खातो. बैलबेडूक उंदीर व लहान बेडूकही पकडतो. पुढील प्रयोग मात्र परदेशी जातींवर झालेले आहेत.

भक्ष्याची ओळख
१९५९ साली जेरोम लेटविन व सहकाऱ्यांनी बेडकाच्या दृष्टीचेतेत लहान, गडद व हलत्या वस्तूंना प्रतिसाद देणारे तंतू असल्याचे दाखविले. ही माहिती मध्यमस्तिष्कातील दृक्पालीत पोहोचते आणि तेथून लंबमज्जेतील प्रेरक चेतापेशींकडे जाते. निश्चल कीटकाकडे बेडूक सहसा दुर्लक्ष करतो.

जीभ व जबडा यांचा मेळ
बेडकाची जीभ खालच्या जबड्यास पुढील बाजूने जोडलेली असते व ती उलटून बाहेर पडते. जबडा उघडणाऱ्या स्नायूस आनन चेता, मिटणाऱ्या स्नायूंस त्रिशाखी चेता आणि जिभेच्या स्नायूंस अधोजिव्ह चेता पुरवठा करते. बेडकात कर्परचेतांच्या दहाच जोड्या मोजल्या जात असल्याने अधोजिव्ह चेतेची गणना मेरुचेतांत होते.

अधोजिव्ह चेता केवळ प्रेरक नसून तिच्यात संवेदी तंतूही असतात. कीसा निशिकावा व कार्ल गान्स यांनी १९९२ मध्ये सागरी भेकात ही चेता दोन्ही बाजूंनी छेदली. त्यानंतर भेक भक्ष्यावर झेपावत, परंतु त्यांचे तोंड उघडत नसे. कारण जबडा उघडणारे व मिटणारे स्नायू एकाच वेळी आकुंचन पावत. यावरून जिभेकडून येणारी संवेदना जबडा मिटणाऱ्या स्नायूंना योग्य क्षणी रोखून धरण्यास आवश्यक असल्याचे स्पष्ट झाले.

भक्ष्यानुसार बदल
अमेरिकेतील ठिपकेदार बेडूक लहान अळी जिभेने, तर मोठे गांडूळ जबड्याने पकडतो. अधोजिव्ह चेता छेदल्यावर अळी पकडताना त्याचे तोंड उघडत नाही, गांडूळ पकडताना मात्र उघडते. म्हणजेच कोणत्या संवेदनेवर विसंबायचे, हे भक्ष्याच्या प्रकारानुसार ठरते.

गिळणे
गिळताना डोळे आत ओढले जाऊन घास घशाकडे ढकलण्यास मदत होते. डोळे आत ओढणाऱ्या स्नायूची चेता छेदल्यास बेडूक गिळू शकतो, परंतु त्यासाठी अधिक वेळा प्रयत्न करावा लागतो.