सार्वजनिक कला आणि नगरजीवन : मुंबईतील काळा घोडा परिसराचा ऐतिहासिक आढावा

प्रास्ताविक

नगराचा इतिहास लिहिताना व्यापार, लोकसंख्या, प्रशासन, उद्योगधंदे आणि वाहतूक यांचा विचार प्राधान्याने केला जातो. चौकातील पुतळे, कारंजी आणि इमारतींच्या दर्शनी भागावरील शिल्पे यांना मात्र बहुधा शोभेच्या वस्तूंचे स्थान मिळते. वस्तुतः सार्वजनिक कला ही नगराच्या सामूहिक स्मृतीची एक महत्त्वाची नोंद असते. चौकात कोणाला उभे करावयाचे हे कोणी ठरविले, त्यासाठी पैसा कोणी दिला आणि रोज तेथून जाणाऱ्या माणसाने त्या कलाकृतीकडे कसे पाहिले, या तीन प्रश्नांच्या उत्तरांतून त्या नगरातील सत्तासंबंध उलगडत जातात.

प्रस्तुत लेखात दक्षिण मुंबईतील काळा घोडा परिसराच्या आधारे या प्रश्नांचा विचार केला आहे. सुमारे दीड शतकाच्या काळात या एका परिसरात पुतळा उभारणे, तो हलविणे, मोकळ्या जागेचा नवा वापर करणे आणि पुन्हा नवे शिल्प उभारणे या सर्व घटना घडल्या. सार्वजनिक कलेचे मूल्य आश्रयदात्याच्या हेतूवर अवलंबून नसून नागरिकांनी तिला दिलेल्या अर्थावर आणि वापरावर अवलंबून असते, हे या घटनाक्रमाच्या आधारे दाखविण्याचा येथे प्रयत्न आहे.

तटबंदीनंतरचे नगर आणि आश्रयदाते

मुंबईच्या किल्ल्याची तटबंदी गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांच्या कारकिर्दीत, १८६० च्या दशकात पाडण्यात आली. त्यामुळे मोकळ्या झालेल्या भूमीवर रुंद रस्ते, मैदाने आणि भव्य सार्वजनिक इमारती यांची आखणी झाली. कापसाच्या व्यापारातून आलेली संपत्ती आणि व्यापारी कुटुंबांची दानशूरता यांचा या रचनेला मोठा हातभार लागला. विद्यापीठाचा राजाबाई मनोरा १८७८ साली पूर्ण झाला तो प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून, आणि त्यांच्या मातोश्रींचे नाव त्याला मिळाले. डेव्हिड ससून ग्रंथालयाची इमारत १८७० साली उभी राहिली.

या बांधकामांत केवळ परदेशी कलावंतांचा वाटा होता असे मानणे योग्य ठरणार नाही. १८५७ साली स्थापन झालेल्या सर जे. जे. कलाशाळेत जॉन लॉकवुड किपलिंग १८६५ मध्ये रुजू झाले आणि वास्तुशिल्पाच्या शिक्षणाला तेथे गती मिळाली. क्रॉफर्ड मार्केटच्या प्रवेशद्वारावरील उत्थित शिल्पे त्यांच्या आराखड्यानुसार घडली, तर बोरीबंदरच्या रेल्वे स्थानकावरील पाने, फुले, पशुपक्षी व मानवी मुखे यांच्या कोरीवकामात कलाशाळेच्या विद्यार्थ्यांचा सहभाग होता. राजाबाई मनोऱ्यावर पश्चिम भारतातील विविध जातिसमूहांच्या आकृती आहेत, त्या रावबहादूर मुकुंद रामचंद्र या भारतीय अभियंत्याने घडविल्या. आराखडा आणि आश्रय वरच्या वर्गाचा असला, तरी दगडाला आकार देणारा हात बहुतांशी येथील होता. या हातांपैकी फार थोड्यांची नावे इतिहासाला ज्ञात आहेत, ही गोष्टही तितकीच लक्षणीय आहे.

स्वाराऐवजी घोडा

इंग्लंडचे युवराज एडवर्ड यांनी १८७५-७६ मध्ये हिंदुस्थानचा दौरा केला. त्या भेटीचे स्मारक म्हणून सर अल्बर्ट ससून यांनी युवराजांचा अश्वारूढ पुतळा मुंबई शहराला भेट दिला. शिल्पकार जोसेफ एडगर बोहम यांनी घडविलेला हा ब्राँझचा पुतळा १८७९ साली उभारण्यात आला. राजनिष्ठेचे प्रदर्शन आणि दात्याच्या प्रतिष्ठेची नोंद असे दोन्ही हेतू त्यातून साध्य होत होते.

लोकव्यवहाराने मात्र या स्मारकाचे नामकरण निराळ्या पद्धतीने केले. सर्वसामान्य मुंबईकराने स्वाराची फारशी दखल घेतली नाही. धातूच्या काळसर रंगावरून तो परिसर ‘काळा घोडा’ म्हणून ओळखला जाऊ लागला. हे नाव कोणत्याही शासकीय ठरावाने दिलेले नव्हते. ज्याच्या गौरवासाठी स्मारक उभारले तो युवराज नावातून वगळला गेला आणि त्याचे वाहन तेवढे उरले. यात जाणीवपूर्वक केलेला राजकीय निषेध शोधणे धाडसाचे ठरेल. तथापि, सार्वजनिक कलेचा अर्थ दाता किंवा शिल्पकार यांच्या ताब्यात राहत नाही, हे यातून स्पष्ट होते.

उघड निषेधाची उदाहरणेही याच नगरात आढळतात. मॅथ्यू नोबल यांनी घडविलेला व्हिक्टोरिया राणीचा संगमरवरी पुतळा बडोद्याच्या खंडेराव गायकवाड यांच्या देणगीतून १८७२ साली बसविण्यात आला होता. १८९६ मध्ये चापेकर बंधूंनी त्याला डांबर फासले व जोड्यांची माळ घातली. राजसत्तेने पुतळ्यातून केलेल्या विधानाला पुतळ्यावरच दिलेले ते उत्तर होते. काळा घोडा हे नाव आणि चापेकरांचे कृत्य ही दोन टोके आहेत; पण चौकातील कलाकृतीचा अर्थ चौकातील माणसेच लावतात, हे दोन्हींत समान आहे.

स्थलांतर आणि सहअस्तित्व

स्वातंत्र्योत्तर काळात वासाहतिक पुतळ्यांचे काय करावयाचे, हा प्रश्न सर्वच मोठ्या नगरांपुढे होता. मुंबईत १९६५ साली युवराजांचा अश्वारूढ पुतळा मूळ जागेवरून काढून भायखळ्याच्या राणीबागेत, म्हणजेच आजच्या वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानाच्या आवारात ठेवण्यात आला. पुतळा नष्ट केला गेला नाही, ही समाधानाची बाब होय. परंतु चौकापासून तुटल्यावर तो नगराचा संवादक न राहता जतन केलेली वस्तू बनला. याउलट, मूळ जागी घोडा नसतानाही ‘काळा घोडा’ हे नाव टिकून राहिले. कलाकृती हलविता येते, तिच्याभोवती निर्माण झालेली स्मृती हलविता येत नाही, असा निष्कर्ष यातून निघतो.

जवळच्याच फ्लोरा फाउंटनच्या बाबतीत वेगळा मार्ग अवलंबिला गेला. रिचर्ड नॉर्मन शॉ यांच्या आराखड्यावरून जेम्स फोरसिथ यांनी घडविलेले हे कारंजे १८६४ साली, पाडलेल्या चर्चगेटच्या जागी उभे राहिले. त्यावरील फ्लोरा ही रोमन पुष्पदेवता. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी याच परिसरात संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीसाठी निघालेल्या मोर्चावर गोळीबार झाला. पुढे राज्यनिर्मितीनंतर या चौकाला हुतात्मा चौक हे नाव मिळाले आणि मशाल धरलेल्या शेतकरी व कामगार यांचे शिल्प कारंज्याच्या सान्निध्यात उभारले गेले. येथे जुने हटविण्यात आले नाही. त्याच्या शेजारी नव्याला स्थान देण्यात आले. राजे आणि दाते यांच्यासाठी राखीव असलेल्या चौकात श्रमिक प्रथमच स्मारकाचा नायक झाला. जीर्णोद्धारानंतर २०१९ साली कारंजे पुन्हा खुले झाले. दोन भिन्न कालखंड आज तेथे एकमेकांशेजारी उभे आहेत व नागरिकाला तुलनेची संधी देत आहेत.

दालन, पदपथ आणि महोत्सव

पुतळा गेल्यानंतरही काळा घोडा परिसराचे सांस्कृतिक महत्त्व कमी झाले नाही, याचे कारण तेथील संस्थांत शोधावे लागते. १९५२ साली सुरू झालेल्या जहांगीर कलादालनाने आधुनिक भारतीय चित्रकारांना हक्काचे व्यासपीठ मिळवून दिले. सर कावसजी जहांगीर सभागृहाच्या वास्तूत १९९६ मध्ये राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय सुरू झाले. पूर्वीचे प्रिन्स ऑफ वेल्स, म्हणजेच आजचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय याच परिसरात आहे. कलादालनाबाहेरच्या पदपथावर चित्रकार आपली चित्रे मांडतात. आत दालन मिळण्यासाठी दीर्घ प्रतीक्षा करावी लागते. बाहेर चित्र आणि पादचारी यांच्यामध्ये भिंत नसते. ज्याने आयुष्यात कधी कलादालनाची पायरी चढलेली नाही, त्याचा चित्रकलेशी पहिला परिचय अशा पदपथावर होऊ शकतो.

१९९५ च्या वारसा नियमावलीनंतर जतनाच्या विचाराला बळ मिळाले. १९९८ साली काळा घोडा असोसिएशन ही संस्था स्थापन झाली आणि १९९९ पासून कला महोत्सव भरू लागला. या महोत्सवाच्या काळात वाहनांचा रस्ता माणसांना परत मिळतो. मांडणशिल्पे, नाटक, नृत्य, संगीत, साहित्यचर्चा व वारसाफेऱ्या यांचा लाभ विनामूल्य घेता येतो. जागेची प्रचंड टंचाई असलेल्या महानगरात रस्त्यावर निवांत थांबता येणे, अनोळखी माणसांच्या शेजारी उभे राहून एखादी गोष्ट पाहता येणे, हेच या उपक्रमाचे खरे सामाजिक मूल्य आहे.

स्वाराविना घोडा

जानेवारी २०१७ मध्ये या परिसरात ‘स्पिरिट ऑफ काळा घोडा’ हे शिल्प उभारण्यात आले. वास्तुरचनाकार अल्फाझ मिलर यांच्या संकल्पनेनुसार शिल्पकार श्रीहरी भोसले यांनी ते साकारले. या घोड्यावर स्वार नाही. एकोणिसाव्या शतकातील पादचाऱ्यांनी केवळ उच्चारातून जे साधले होते, त्याला एकविसाव्या शतकात शिल्परूप मिळाले. जुना पुतळा परत आणण्याने वासाहतिक गौरवाचा प्रश्न उभा राहिला असता आणि जागा रिकामी ठेवण्याने नाव व स्थळ यांतील दुवा अपुरा राहिला असता. नव्या शिल्पाने लोकांनी दिलेल्या नावाला प्रमाण मानले. येथे कलाकृतीवरून स्थळाला नाव मिळाले आणि पुढे स्थळनामावरून कलाकृती जन्मली.

काही मर्यादा

या परिसराचा इतिहास समाधानकारक असला तरी त्याच्या मर्यादा दुर्लक्षून चालणार नाहीत. महोत्सव वर्षातील मोजके दिवस असतो. उर्वरित काळात रस्त्यावर पुन्हा वाहनांचेच राज्य असते. प्रायोजकांच्या जाहिराती आणि छायाचित्रणाची हौस यांमुळे कलाकृती कधीकधी केवळ पार्श्वभूमी ठरते. बहुसंख्य मुंबईकर उपनगरांत राहतात, तर कलासंस्था मात्र मोठ्या प्रमाणावर शहराच्या दक्षिण टोकाला एकवटल्या आहेत. शिवाय चौकात काय उभारावे याचा निर्णय आजही दाते, संस्था आणि प्रशासन यांच्यातच बहुधा होतो. पूर्वी दात्याचे नाव चौथऱ्यावर असे, आता ते फलकावर असते. निर्णयप्रक्रियेतील नागरिकाचे स्थान त्या मानाने फारसे बदललेले नाही. हा प्रश्न केवळ सौंदर्यदृष्टीचा नसून नागरी लोकशाहीचा आहे.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून काही बाबी स्पष्ट होतात. पहिली, सार्वजनिक कलेचा अर्थ उभारणीच्या दिवशी निश्चित होत नाही. तो नागरिकांच्या बोलण्यातून, वापरातून व प्रसंगी निषेधातून घडत राहतो. दुसरी, ऐतिहासिक कलाकृतीच्या बाबतीत स्थलांतर हा एकमेव उपाय नाही. हुतात्मा चौकाप्रमाणे जुन्या व नव्या स्मृतींचे सहअस्तित्व शक्य आहे. तिसरी, कलाकृतीच्या जतनाइतकेच तिच्याभोवतीच्या मोकळ्या, विनामूल्य व पायी फिरण्यायोग्य जागेचे जतन आवश्यक आहे, कारण त्या जागेशिवाय सार्वजनिक कलेतील ‘सार्वजनिक’ हा शब्द निरर्थक ठरतो.

नगरनियोजनात कलेचा विचार बहुधा शेवटी, सुशोभीकरणाच्या शीर्षाखाली केला जातो. काळा घोडा परिसराचा इतिहास या दृष्टिकोनाचा फेरविचार करावयास लावतो. दात्याने युवराज दिला आणि लोकांनी घोडा स्वीकारला. नागरिकांच्या या निवडीला आराखड्याच्या पहिल्या टप्प्यापासून स्थान मिळाले, तरच नगरातील नवी शिल्पे चौथऱ्यावर न राहता लोकस्मृतीत रुजतील.