हुंडीची पत
नृसिंहवाडीच्या पेढेवाल्यापुढे आज आपण मोबाइल धरतो आणि पैसे पोचतात. २०१६ साली यूपीआय आले, तेव्हा याची नवलाई वाटली. पण रोकड न हलविता रक्कम पोचविणे आपल्या पेठांना नवे नव्हे. हुंडी तेच करीत असे. शहाजोग हुंडीचे पैसे पतदार सावकारालाच मिळत, आणि ती खोटी निघाल्यास त्यालाच ते परत करावे लागत. व्यापाऱ्याचा विश्वास कागदावर नव्हता, जबाबदार माणसावर होता. आज तो माणूस दिसत नाही. म्हणूनच रिझर्व्ह बँकेने २०१७ साली ठरविले ते आम्हांस मोलाचे वाटते : बँकेचा वा ग्राहकाचा दोष नसता पैसे गेले व तीन कामाच्या दिवसांत कळविले, तर ग्राहकास तोशीस नाही. साधन बदलले, तरी जबाबदार कोण हा पेठेचा जुना प्रश्न आपण विचारीतच राहिले पाहिजे.