वर्ध्याहून स्वधर्माकडे : लांझा देल वास्तो ऊर्फ शांतिदास

शांतीच्या शोधात भारतात आलेल्या युरोपीय माणसांच्या कथांची आपल्याकडे वाण नाही. त्यांतील बहुतेक कथांत माणूस आपला धर्म मागे टाकून येतो आणि इथला कुठला तरी पंथ स्वीकारतो. आजच्या धाग्यातील कथा उलट दिशेने जाते. १९३७ साली एक इटालियन कॅथलिक वर्ध्यात आला, गांधीजींजवळ सुमारे तीन महिने राहिला आणि अधिक पक्का कॅथलिक होऊन परतला. धागा थोडा लांब आहे.

त्याचे नाव जुझेप्पे लांझा देल वास्तो. जन्म २९ सप्टेंबर १९०१, दक्षिण इटलीतील सान व्हितो देई नोर्मान्नी या गावी. वडील सिसिलीच्या उमराव घराण्यातले, आई बेल्जियमची. शिक्षण पॅरिसमध्ये, पुढे फ्लॉरेन्स आणि पिसा येथे तत्त्वज्ञानाचा अभ्यास. घरचा धर्म अर्थातच कॅथलिक. पण त्या काळच्या सुशिक्षित युरोपीय तरुणांप्रमाणे त्याची श्रद्धाही विद्यार्थिदशेतच गळून पडली होती.

ती परत आली ती चमत्काराने नव्हे, ग्रंथाच्या वाटेने. पिसा येथे प्रबंधासाठी तो ‘संबंध’ या कल्पनेवर विचार करीत होता : वस्तू आधी आणि त्यांच्यातले नाते नंतर, की नातेच मूळ? त्या ओघात त्याने तेराव्या शतकातील थॉमस अक्वायनस वाचला. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांचे त्रैक्य उलगडताना अक्वायनसने नेमका हाच प्रश्न हाताळला होता. जे आपण नव्याने शोधतो आहोत असे त्याला वाटत होते, ते टाकून दिलेल्या घराच्या माळ्यावर आधीच ठेवलेले होते!

परंतु बुद्धीने पटलेला धर्म आणि जगता येणारा धर्म यांत अंतर असते. शत्रूवर प्रेम करा, असे सांगणाऱ्या येशूचे अनुयायी पहिल्या महायुद्धात चार वर्षे एकमेकांना मारीत होते आणि प्रत्येक सैन्याबरोबर आशीर्वाद देणारे धर्मगुरू होते. ऑक्टोबर १९३५ मध्ये मुसोलिनीने अबिसीनियावर, म्हणजे आजच्या इथिओपियावर, स्वारी केली तेव्हा मिलानचे कार्डिनल शुस्टर यांनी तिचे जाहीर समर्थन केले. अबिसीनिया हा स्वतः एक प्राचीन ख्रिस्ती देश, हे ध्यानात घेतले म्हणजे विसंगती अधिकच बोचते. ईश्वर आहे की नाही, ही शंका लांझा देल वास्तोपुरती मिटली होती. ईश्वराला मानणारे असे कसे वागतात, ही उरली होती.

रोमाँ रोलाँ यांनी लिहिलेले गांधीचरित्र त्याच्या वाचनात आले होते. हिंदू म्हणवणारा एक माणूस डोंगरावरील प्रवचन राजकारणात अक्षरशः अमलात आणू पाहतो आहे, हे त्यातून दिसत होते. १९३६ च्या अखेरीस तो युरोपातून निघाला आणि सिंहल व दक्षिण भारत पाहत वर्ध्याला पोहोचला. धर्म बदलावा, असा हेतू मुळीच नव्हता. आपण अधिक चांगले ख्रिस्ती कसे व्हावे हे गांधींकडून शिकायचे आहे, असेच तो पुढे सांगत असे.

तेव्हाचे वर्धा डोळ्यांसमोर आणू या. जमनालाल बजाज यांच्या आग्रहामुळे गांधीजी १९३४ पासून येथे होते. मगनवाडीत अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ सुरू झाला होता आणि त्याचा कारभार पाहणारे जे. सी. कुमारप्पा हे तंजावरकडचे ख्रिस्ती होते. (पंथाने प्रॉटेस्टंट. पुढे तुरुंगात त्यांनी येशूच्या शिकवणीवर पुस्तक लिहिले.) ३० एप्रिल १९३६ पासून गांधीजी शहराबाहेरच्या सेगावात राहू लागले. या गावाला सेवाग्राम हे नाव मिळाले ते १९४० साली. कुडाच्या भिंती, विदर्भाचे ऊन, पहाटेची प्रार्थना, सूतकताई, संडाससफाई : उमराव घराण्यातल्या तत्त्वज्ञाला हा अभ्यासक्रम नवीनच होता.

आश्रमाच्या प्रार्थनेत निरनिराळ्या धर्मांना स्थान होते. गांधीजींचे आवडते इंग्रजी भजन होते ‘लीड, काइंडली लाइट’. याचा कर्ता जॉन हेन्री न्यूमन. १८३३ साली, सिसिलीहून परतताना वारा पडल्यामुळे जहाज अडकले असता, आजारातून उठलेल्या या अँग्लिकन धर्मगुरूने ते रचले. पुढे बारा वर्षे शंकांशी झगडून १८४५ मध्ये तो कॅथलिक झाला आणि १८७९ मध्ये कार्डिनल. अंधारात एका पावलापुरता उजेड मागणारे हे भजन विदर्भातल्या खेड्यात आवडीने गायले जात होते, याची नोंद श्रद्धेच्या इतिहासाने अवश्य घ्यावी.

गांधीजींनी या पाहुण्याला शांतिदास हे नाव दिले. धर्म मात्र त्याचा त्याच्याकडेच राहू दिला. ही केवळ सौजन्याची बाब नव्हती. त्यांचा तो सिद्धांत होता. जानेवारी १९२८ मध्ये साबरमतीला भरलेल्या विविध धर्मीयांच्या परिषदेत त्यांनी तो मांडला होता : आपण दुसऱ्यासाठी प्रार्थना करावी ती त्याने आपल्या धर्मात यावे म्हणून नव्हे, तर हिंदूने अधिक चांगला हिंदू व्हावे आणि ख्रिस्त्याने अधिक चांगला ख्रिस्ती व्हावे म्हणून.

येथे थांबून एक अवघड गोष्ट बोललीच पाहिजे. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपण हिंदू म्हणून मरणार नाही, अशी घोषणा केली होती. म्हणजे शांतिदास वर्ध्यात सूत कातत होता तेव्हा धर्मांतराचा प्रश्न महाराष्ट्रात धगधगत होता आणि गांधीजी त्या घोषणेच्या विरोधात होते. ‘स्वधर्मात राहून तो सुधारा’ हा उपदेश लांझा देल वास्तोला मानवला, कारण त्याच्या चर्चचे दार त्याच्यासाठी कधीच बंद झालेले नव्हते. ज्यांना देवळाच्या पायरीवरही उभे राहू दिले जात नव्हते, त्यांच्या कानी तेच शब्द निराळे पडत. वर्ध्याचे लक्ष्मीनारायण मंदिर जमनालालजींनी १९२८ साली अस्पृश्यांसाठी खुले केले, हे खरे. पण त्याची बातमी झाली यातच बाकीच्या देवळांची स्थिती कळते. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली ती वर्ध्याशेजारच्या नागपुरात. माझ्या मते एकाच परिसरातले हे दोन निर्णय एकमेकांना खोटे ठरवीत नाहीत. घर दुरुस्त करायचे की सोडायचे, हे त्या घरात आपल्याला कोठे बसवले जात होते यावर पुष्कळसे अवलंबून असते.

जून १९३७ मध्ये शांतिदास हिमालयात, गंगा-यमुनेच्या उगमाकडे गेला. तेथे त्याला आतून आदेश ऐकू आला : परत जा आणि स्थापना कर. आदेश कोणाचा, हे तपासण्याचे साधन इतिहासाकडे नाही. त्याचे परिणाम तपासता येतात. १९४३ साली त्याचे फ्रेंच प्रवासवर्णन ‘मूळस्रोतांची तीर्थयात्रा’ अशा अर्थाच्या नावाने निघाले. त्यात वर्ध्यावर स्वतंत्र प्रकरण आहे. जर्मनव्याप्त फ्रान्समध्ये ते पुस्तक आवडीने वाचले गेले. १९४८ मध्ये पत्नी शांतरेल हिच्यासह त्याने फ्रान्समध्ये ‘आर्क’ म्हणजे ‘नौका’ हा समुदाय उभारला. शेती, चरखा, प्रार्थना आणि व्रते असा तो जणू सेवाग्रामचा फ्रेंच अवतारच. सदस्याने आपापल्या धर्मात राहावे, हा नियमही वर्ध्याहूनच गेलेला. १९५४ साली तो पुन्हा भारतात आला आणि विनोबांच्या भूदानयात्रेत चालला. त्यावरही त्याने पुस्तक लिहिले.

जुनी शंका मात्र त्याने कधी दडपली नाही. ती घेऊन तो चर्चच्याच दाराशी जाऊन बसला. १९५७ मध्ये अल्जीरियातील फ्रेंच सैन्याच्या छळाविरुद्ध त्याने वीस दिवस उपवास केला. १९६३ च्या उपवासकाळात, म्हणजे ईस्टरपूर्वीच्या चाळीस दिवसांत, रोममध्ये चाळीस दिवसांचे उपोषण केले. मागणी एकच : पोपने युद्धाविरुद्ध निःसंदिग्ध बोलावे. ११ एप्रिल १९६३ रोजी पोप तेविसावे जॉन यांचे ‘पाचेम इन तेरिस’ हे परिपत्रक प्रसिद्ध झाले. अणुयुगात युद्ध हे न्याय मिळवण्याचे साधन मानणे बुद्धीला धरून नाही, असे त्यात म्हटले होते.

उपोषणामुळे परिपत्रक निघाले, असे कोणी सांगितले तर मान डोलावू नका. ऑक्टोबर १९६२ च्या क्युबा पेचप्रसंगानंतर त्याचा मसुदा सुरू झाला होता. उपोषणाचे महत्त्व वेगळे आहे. १९३१ च्या डिसेंबरात गांधीजी व्हॅटिकनला गेले तेव्हा पोपने त्यांना भेट दिली नव्हती. सिस्टाइन चॅपलमधील क्रुसावरच्या येशूसमोर ते उभे राहिले, हेलावले आणि परतले. बत्तीस वर्षांनी त्यांचेच शस्त्र हाती घेऊन त्याच शहरात एक कॅथलिक बसला, आणि तो बाहेरचा नव्हता.

१९६५ च्या ऑक्टोबरात, दुसरी व्हॅटिकन परिषद चालू असताना, शांतरेल आणि इतर स्त्रियांनी रोममध्ये दहा दिवस उपवास केला. अमेरिकेच्या डोरोथी डे त्यांत होत्या. ७ डिसेंबरला परिषदेने संमत केलेल्या दस्तऐवजात सबंध शहरांच्या सरसकट विध्वंसाचा धिक्कार झाला. स्वसंरक्षणार्थ युद्धाची मुभा मात्र कायम राहिली. म्हणजे शंकेचे निरसन अर्धेच झाले.

उरलेल्या अर्ध्यासह शांतिदास कॅथलिकच राहिला. १९७२ च्या मार्चमध्ये दक्षिण फ्रान्सच्या लार्झाक पठारावर लष्करी छावणीसाठी शेतजमिनी घेण्याविरुद्ध त्याने पंधरा दिवस उपवास केला, तेव्हा त्या भागातले दोन बिशप येऊन त्याच्या उपवासात सहभागी झाले. त्याच महिन्यात १०३ शेतकऱ्यांनी जमीन न विकण्याची शपथ घेतली. छावणीचा विस्तार रद्द झाला तो जून १९८१ मध्ये. शांतिदास त्याच वर्षी ५ जानेवारीला स्पेनमध्ये वारला होता.