नाणं की वायसर? पांढुर्णा-सौसरच्या शेतातला धातू

हल्ली मेटल डिटेक्टर ऑनलाइन सहज मिळतो. उन्हाळ्यात शेतं रिकामी झाली की आपल्या भागातही हौशी मंडळी धुऱ्याधुऱ्याने यंत्र फिरवताना दिसतात. यंत्र वाजलं की सगळ्यांना नाणंच आठवतं. निघतं काय? वखराच्या पासेचा तुकडा, बैलाची नाल, बंडीचा खिळा, बाटलीचं बूच.

यंत्राला नाणं कळत नाही, त्याला फक्त विजेचा प्रवाह कळतो. चकतीतून बदलतं चुंबकीय क्षेत्र जातं, मातीतल्या धातूत भोवरी प्रवाह उठतात, त्यांचा प्रतिसाद यंत्र मोजतं. तांबं-चांदी ठणठणीत वाजतात, लोखंड वेगळं ओळखू येतं. पण पोळ्याच्या बैलाचं पितळी घुंगरू थेट नाण्यासारखं वाजतं. त्यात आपली काळी जमीन बेसाल्टची, म्हणजे तिच्यात मॅग्नेटाइट आहेच. यंत्र जमिनीला जुळवून घेतलं नाही तर मातीच वाजत राहते.

सगळ्यात जास्त फसवतो तो भोकाचा पैसा. १९४३ ते १९४७ या काळातला, युद्धात धातू वाचवायला मधोमध भोक पाडलेला, वजन जेमतेम २ ग्रॅम, व्यास सुमारे २१ मिलिमीटर. एम-१० वायसरचा व्यास २० मिलिमीटर! लोखंडी वायसर यंत्र वेगळा काढतं, पंपाचा पितळी मात्र नाही. आणि भोकामुळे आवाज मंदावेल असं समजू नका. प्रवाह कडेनेच फिरतो, अखंड कडं चांगलंच वाजतं. हातात घेऊन मुकुट आणि साल शोधा, तेवढं पुरे.

उलट १९८८ नंतरची स्टीलची १० आणि २५ पैशांची नाणी लोहचुंबकाला चिकटतात. बहुतेक वेळा यंत्र त्यांना लोखंडातच जमा करतं. त्यांच्यासाठी कोणी रडत नाही म्हणा.

शिवराईची गोष्ट वेगळी. ती हाताने ठोकलेली. ठसा मोठा, तांब्याचा तुकडा लहान, म्हणून अक्षरं अर्धीच उमटतात आणि कडा वेडीवाकडी. नवख्याला ती भंगारच वाटते. १८३५ नंतरचा कंपनीचा पाव आणा मात्र यंत्रावरचा, ६.४७ ग्रॅमचा. १९०६ पासूनचा कांस्याचा पाव आणा ४.८६ ग्रॅमचा. सोनाराकडचा छोटा काटा इथे डोळ्यांपेक्षा खरं बोलतो.

आणि हो, चिंच किंवा राख लावून घासू नका. हिरव्या थराखालीच अक्षरं असतात. घासलं की तांबं चकाकतं, नाव जातं. नागपूरचं भोसल्यांचं राज्य १८५४ मध्ये खालसा झालं. त्याआधी इथल्या बाजारात कुठला पैसा चालत होता, हे सांगणारा तुकडा भंगारवाल्याच्या तराजूत किलोवर जातो, तेव्हा त्याबरोबर तो कुठल्या शेतातून निघाला हेही जातं. म्हणून शेत, खोली आणि तारीख चिठ्ठीवर तिथल्या तिथे लिहा.

कायदाही माहीत असू द्या. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार १० रुपयांहून जास्त किमतीचं जमिनीत दडलेलं काही सापडलं, तर कलेक्टरला लेखी कळवावं लागतं. लपवलं तर वाटा जातो, वर एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड. २०२३ पासून पांढुर्णा स्वतःच जिल्हा झाला, त्यामुळे आता सौसरवाल्यांनाही छिंदवाड्याला चकरा नाहीत. संरक्षित स्मारकाच्या जागेत तर यंत्र नेऊच नका. आणि शेत दुसऱ्याचं असेल तर आधी मालकाला विचारा.