सड्यावर काय आहे? काहीच नाही!

मंडळी, रत्नागिरीत पाहुणे आले की आपण त्यांना ठरलेली ठिकाणं दाखवतो. गणपतीपुळे, थिबा राजवाडा, रत्नदुर्ग, आरे-वारेचा रस्ता. वाटेत सडा लागतो. पाहुणा विचारतो, "इथं काय आहे?" आणि आपण सांगतो, "काही नाही, नुसता कातळ." मीही वर्षानुवर्षं हेच सांगत आलो.

लहानपणी मे महिन्यात आम्ही आमच्या सड्यावर क्रिकेट खेळायचो. तिथं कातळात एक भलामोठा मासा कोरलेला होता. तो आमची बाउंड्री. आजी म्हणायची, पांडवांनी काढलाय. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी ती जमीन चिरेखाणीला गेली. सातबारावर माझंही नाव होतं, संमतीची सही मीही केली. माशाचा विचारसुद्धा मनात आला नाही. आज तिथं चौकोनी खड्डा आहे, पावसाळ्यात त्यात पाणी भरतं.

त्या माशाला कातळशिल्प म्हणतात, हे मला नंतर कळलं. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि डॉ. सुरेंद्र ठाकूरदेसाई यांनी गावोगावचे सडे पायाखाली घातले, गुरं राखणाऱ्यांना आणि जुन्या माणसांना विचारत फिरले. आज कोकणात अशा दीड हजारांहून अधिक आकृत्यांची नोंद आहे. राजापूर तालुक्यात कशेळीला सुमारे १८ मीटर लांब आणि १३ मीटर रुंद हत्ती आहे. त्याच्या पोटात सत्तरच्या आसपास लहान आकृत्या. जवळ उभं राहिलं तर हत्ती दिसतच नाही, एवढा मोठा. बारसूच्या सड्यावर दोन वाघांच्या मधे उभा माणूस आहे. २०२२ साली कोकणातली ९ ठिकाणं युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. त्यातली ७ आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातली, एक सिंधुदुर्गातलं कुडोपी आणि एक गोव्यातलं. लक्षात घ्या, ही अजून जागतिक वारसास्थळं नाहीत. ती पायरी पुढे आहे.

ही चित्रं किती जुनी? अभ्यासकांचा अंदाज मध्याश्मयुगापर्यंत, म्हणजे सुमारे १० हजार वर्षांपर्यंत मागे जातो. त्यांचं म्हणणं साधं आहे. चित्रांत हत्ती, वाघ, मासे भरपूर, पण शेतीचं चित्र नाही. उलट गेंडा आहे, पाणघोडा आहे, जे आज कोकणात कुठंच नाहीत. म्हणजे कोरणारा शिकार करून, मासे मारून जगणारा असावा आणि त्याच्या ओळखीचं रान आजच्यापेक्षा फार वेगळं असावं. शिवकाळाच्या, शिलाहारांच्याही कितीतरी आधीचा हा आपला इतिहास. तो ताम्रपटात नाही, सड्यावर आहे.

आणि सडा म्हणजे फक्त चित्रं नव्हेत. मेमध्ये भाजून काढणारा तोच कातळ पहिल्या पावसानंतर जाऊन बघा. आधी पांढरी दीपकाडी फुलते, ही कोकणातच सापडणारी वनस्पती. मग भाद्रपदापर्यंत गेंद, कवला आणि निळ्या-जांभळ्या सीतेच्या आसवांचे गालिचे. ही आसवं दिसायला नाजूक, पण बारीक जीव पकडून खाणारी! जांभा सच्छिद्र असतो. त्यात मुरलेलं पाणी खालच्या वाडीतल्या झऱ्यांना आणि विहिरींना मिळतं. सडा कापला की चित्र जातं, फूल जातं आणि खालच्या विहिरीचं पाणीही धोक्यात येतं.

पण कागदावर हा सडा म्हणजे पडीक, पोटखराबा. मूळ दुखणं इथं आहे. जिथं 'काही नाही' तिथं खाण काढायला, सुरुंग लावून कलमं लावायला, कारखाना आणायला कुणाला वाईट वाटत नाही. चिरे नकोतच असं मी म्हणत नाही. माझं स्वतःचं घर चिऱ्याचं आहे. पण कुठला सडा कापायचा आणि कुठला राखायचा, हे खाणीच्या आधी ठरायला हवं, नंतर नाही.

पर्यटन हवंच, पण कसं? साताऱ्याजवळचं कास २०१२ साली जागतिक वारशात आलं आणि गर्दी इतकी वाढली की रोजच्या पर्यटकांच्या संख्येवर मर्यादा घालावी लागली. आपल्याला आधीच शहाणं होता येईल. उक्षी गावाने आपल्या हत्तीभोवती संरक्षण उभारलं आणि बघायला नीट जागा केली. गावातलीच मुलं वाटाडे, जेवण गावातल्या घरी, गाडी सड्याच्या खाली, चित्रावर पाय नाही. एवढं जमलं तर पैसा गावात राहील आणि सडाही राहील.

गणपतीला गावी याल तेव्हा एक सकाळ सड्यासाठी ठेवा. घरातल्या, वाडीतल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, "वर काही कोरलेलं आहे का?" सापडलं तर फोटो काढा, ग्रामपंचायतीला आणि अभ्यासकांना कळवा, पण गावाला विचारल्याशिवाय लोकेशन टाकू नका. आणि जमिनीच्या कागदावर सही करण्याआधी एकदा वर जाऊन या. मी गेलो नव्हतो.